अण्णांबरोबर गेलेलं पाकीट

वर्षाच्या सामानाची यादी मी माघ संपता संपता करते. गहू, तूर, मिरची, धने, चिंच, आणि सगळ्यांत शेवटी हळद. हळकुंडं सांगलीचीच हवीत हा माझा हट्ट. साताऱ्याच्या पेठेतही चांगली मिळतात असं घरचे दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी सांगलीला जाणाऱ्या कुणाकडे तरी मुकाट्यानं पिशवी देतात. हळकुंड मोडून बघायचं. कट्ट असा आवाज आला पाहिजे आणि आतला रंग केशरीकडे झुकलेला पाहिजे. या वर्षीची पिशवी परवा आली. मी तोंडाची सुतळी सोडली, एक हळकुंड मोडलं, वास आला, आणि यादीवर खूण करायची राहूनच गेली. मिरची निवडायची होती, डबे उन्हात घालायचे होते. मी तशीच पाटावर बसून राहिले.

कामाच्या माणसाला असं बसून राहणं परवडत नाही. म्हणून हे एकदाचं लिहून काढते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ती हळद. मी सांगलीत बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या फुटबॉल संघात होते. 'संघात होते' म्हणताना अजून जीभ जरा अडखळते. खेळायला मी यथातथाच. चेंडू कुठल्या पायानं मारायचा हे ठरेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असायचा. पण कुणाला कुठल्या मापाचे बूट लागतात, कोण एस.टी.नं येणार, कुणाच्या घरी कोणतं कारण सांगायचं, लिंबं किती, पाण्याच्या कळश्या किती, हे मला तोंडपाठ असायचं. संघाला खेळणाऱ्या अकरा लागतात आणि यादी ठेवणारी एक लागते. ती मी.

आमच्या मैदानाची एक बाजू हळदीच्या वखारींना लागून होती. शिजवून वाळवलेली हळकुंडं मोठ्या ड्रमात घालून फिरवायची, म्हणजे वरची साल निघून ती गुळगुळीत होतात. त्या ड्रमांचा घरघराट दुपारभर चालायचा आणि उडालेली भुकटी वाऱ्याबरोबर आमच्यावर यायची. सराव संपला की सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पिवळे. रस्त्यानं जाताना कोपऱ्यावरचं टोळकं ओरडायचं, "आल्या बघा नवऱ्या! हळद लागली!"

त्यांना उत्तर द्यायला हिराक्का होती. हिराक्का वखारीत हळद निवडायची. पन्नाशीची बाई, दंडावर गोंदण, आणि आवाज ड्रमाच्या वर चढणारा. "तुमचं कुठं जमंना म्हनून आमच्या पोरींची हळद मोजतायसा व्हय रं?" ती म्हणायची. टोळकं पांगायचं. पाण्याच्या कळश्या आमच्यासाठी तीच भरून ठेवायची. तिला फुटबॉलचे नियम कळत नव्हते. कोण दमलंय हे कळायचं.

शिकवायला सुभेदार होते. साताऱ्याजवळच्या खेड्यातले, फौजेतून निवृत्त होऊन सांगलीच्या एका कारखान्यात पहारेकऱ्यांचे प्रमुख म्हणून आलेले. पलटणीत असताना फुटबॉल खेळलेले. मुली उशिरा आल्या की ते हातातल्या घड्याळाकडे बघायचे, तोंडानं काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाच मिनिटं आधी हजर.

आणि अण्णा. साताऱ्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचे ते सांगलीचे वार्ताहर. सायकल, खांद्याला शबनम, बोटांना कायम शाई. बाजारभाव, सभा, अपघात, कृष्णेची पातळी, सगळं ते लिहायचे. पण जीव होता तो मुलींच्या फुटबॉलवर. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना मुलगी नव्हती. दोन मुलगे होते आणि ते क्रिकेट खेळायचे.

तेव्हा बातमी कशी जायची हे आज सांगावं लागतं. दिवसभराचं सगळं लिहून झालं की अण्णा ते खाकी पाकिटात घालायचे, डिंकानं चिकटवायचे आणि संध्याकाळच्या सातारा गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. साताऱ्याच्या स्टँडवर छापखान्याचा माणूस ते घ्यायचा. फोटो किंवा कुणाचा मूळ कागद जोडलेला असला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं, अंकांच्या गठ्ठ्याबरोबर परत यायचा. पावती नाही, सही नाही. सगळा विश्वासाचा कारभार. इतक्या वर्षांत एकही पाकीट गहाळ झालं नाही असं अण्णा अभिमानानं सांगायचे.

त्यांचे दोन नियम होते. एक, छापून येण्याआधी बातमी तोंडानं सांगायची नाही. दुसरा, पाकीट एकदा चिकटवलं की ते वाचणाऱ्याचं झालं. लिहिणाऱ्यानंसुद्धा ते उघडायचं नाही. मला हे दोन्ही नियम फार आवडायचे. नियम असलेली माणसं मला पहिल्यापासून बरी वाटतात.

सकाळी साडेआठला गठ्ठा यायचा आणि स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी आमचं बाकडं भरायचं. कामावर जायच्या आधी हिराक्का, रात्रपाळी संपवून सुभेदार, कॉलेजच्या वाटेवर मी. भारताच्या मुलींचा संघ कुठेतरी लांब खेळायचा आणि त्याच्या दोन ओळी आतल्या पानावर, लिलावाच्या नोटिशीखाली, असल्या तर असायच्या. अण्णा त्या मोठ्यानं वाचायचे. एकदा त्यांनी वाचलं, सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला.

"कीपर कोण व्हती?" सुभेदारांनी विचारलं.

"दिलेलं नाही."

"म्हंजी बघा! गोल झाला आसता तर कुणी मारला त्ये छापलं आसतं. जिनं होऊ दिला न्हाई तिचं नावच न्हाई. ह्यो कसला रिपोर्ट?"

"आवं सुभेदार," हिराक्का म्हणाली, "कालवण खारट झालं की कुणी क्येलं म्हनून इचारत्यात. चांगलं झालं तर मुकाट जेवून उठत्यात. तुमी कवा इचारलंय काय घरात?"

सुभेदारांनी चहाच्या कपात तोंड घातलं. अण्णा हसले, पण लगेच गंभीरही झाले. "नाव छापलं नाही की पन्नास वर्षांनी ती खेळलीच नव्हती असं होतं," ते म्हणाले. म्हणून आमच्या साध्या सामन्याच्या बातमीतही ते अकराच्या अकरा नावं द्यायचे, गावासकट. नावांची यादी मी करून द्यायची. साताऱ्याला ती कापली जायची, तीन ओळी उरायच्या. पुढच्या रविवारी अण्णा पुन्हा अकरा नावं पाठवायचे.

त्या अकरांत पहिलं नाव हौसाचं. गोलकीपर. माण तालुक्यातल्या एका वाडीची. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, दोन्ही भाऊ मुंबईला ओझी उचलायला गेलेले. ती सांगलीत मावशीकडे राहून हळदीच्या वखारीत कामाला होती. भिंतीवरून आमचा चेंडू वखारीत गेला आणि तिनं तो एका हातानं झेलून परत फेकला, एवढीच तिची निवडचाचणी. कळपातून उधळलेलं मेंढरू आडवं पडून मागच्या पायाला धरायची तिला लहानपणापासूनची सवय. चेंडूला तर चारच काय, एकही पाय नव्हता. "ह्यो लय गरीब हाय गं," ती चेंडूबद्दल म्हणायची.

भारताच्या संघासाठी मुली पारखायला पुण्याला बोलावलं तेव्हा सुभेदार तिला घेऊन गेले. परत आल्यावर स्टँडवर उतरून ते फक्त म्हणाले, "पाच पेनल्टी मारल्या, एक पन आत गेली न्हाई." शिबिरासाठी निवड झाली तर पत्र येणार होतं. वाडीवर टपाल आठवड्यातून एकदा जायचं, तेही वाचून दाखवणाऱ्याच्या सवडीनं. म्हणून अर्जावर पत्ता लिहिला, मार्फत अण्णा. हौसा गावाकडे गेली, कारण मेंढ्या व्यायला झाल्या होत्या आणि बाप एकटा होता. बापानं तिला एक साल दिलं होतं. "हिंदुस्तानच्या टीमात घेतलं तर फुडं बगू. न्हाई तर मेंढरं हायतच." गाडीत बसताना ती मला म्हणाली, "पत्र आलं की कंडक्टरकडं सांग. आंगावरच्या कापडानिशी निगते."

मग रोज सकाळी बाकड्यावर पेपरच्या आधी एकच प्रश्न. "आलं का?" अण्णा मान हलवायचे. पंधरा दिवस झाले, वीस झाले. मी वहीत तारखा मांडत होते. हिराक्कानं हरिपूरच्या वाटेवरच्या देवीला नारळ कबूल केला होता आणि सुभेदारांनी तिला त्यावरून चिडवायचं बंद केलं होतं.

हरिपुराला तेव्हा हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या खोल्याच त्या, वर्षानुवर्षं हळद आत राहायची आणि किडा लागायचा नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत. आधी काही वेळ तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. मीसुद्धा या आठवणीत तशीच उतरत आले आहे, तोंडाशी थांबून, इकडचं तिकडचं सांगून. आता उतरते.

तो सोमवार होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी स्टँडवर गाडीची वाट बघत होते, अण्णा सायकल लावून आले. पाकीट हातात. रविवारच्या सामन्याची यादी मी त्यांना आदल्या दिवशीच दिली होती, तेव्हा आत काय आहे ते मला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं. चेहरा घामानं भिजलेला, पण खुशीत. म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. सगळ्यांनाच ये म्हणावं."

"का हो? तीनाच्या चार ओळी झाल्या का?"

"ये तर खरी."

ते बाकड्यावर बसले. पाणी मागितलं. मी भांडं भरून वळेपर्यंत त्यांचं डोकं गाड्याच्या खांबाला टेकलं होतं. सातारा गाडीचा कंडक्टर दारातून ओरडला, "अण्णा, पाकीट!" पुन्हा ओरडला. मग लोक धावले. त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी नाडी बघून हात खाली ठेवला. मागे केव्हातरी डबल बेल झाली आणि गाडी निघून गेली होती. पाकीट बाकड्याखाली पडलं होतं. कामावर निघालेले सुभेदार गर्दी बघून आले होते, त्यांनी ते उचलून माझ्याकडे दिलं. "ठेव नीट." वस्तू माझ्याकडे देतात. मी ठेवते.

मी ते उघडलं नाही. चिकटवलेलं पाकीट होतं.

सकाळी कृष्णेच्या घाटावर माणूस मावत नव्हता. आमच्या सगळ्या मुली आल्या होत्या, वखारीतल्या बायका आल्या होत्या, पिवळ्या हातांनी पदर धरून. चितेवर अण्णांना ठेवल्यावर त्यांच्या थोरल्या भावानं खिशात पेन लावलं. मग सुभेदार माझ्याकडे वळले. "जवान जातो तवा त्येची टोपी त्येच्यासंगं ठेवत्यात. अण्णाचं पाकीट अण्णाबरोबर जाऊ द्या." सगळ्यांना ते पटलं. भाऊ मान हलवून म्हणाले, "जाऊ द्या. त्येचं त्येच्यापाशी." मी पुढे झाले आणि अण्णांचा उजवा हात जरा उचलून पाकीट त्याखाली ठेवलं. हिराक्का हुंदका देऊन रडली. मीही रडले. खरं सांगते, त्या क्षणी मला समाधान वाटलं. शेवटची गोष्ट नीट, जागच्या जागी झाली असं वाटलं.

दोन दिवसांनी पेपरात चौकट आली. आमचे सांगलीचे वार्ताहर अखेरचं वार्तापत्र हाती घेऊनच गेले, असं लिहिलं होतं. मी ती कापून वहीत चिकटवली. बाकड्यावर ती सगळ्यांनी दोनदा वाचली. हौसाच्या पत्राची चौकशी आम्ही अण्णांच्या घरी केली. वहिनी म्हणाल्या, टपाल ते स्वतःच पोस्टातून आणायचे, घरी काही आलेलं नाही. म्हणजे यायचं आहे, असं आम्ही धरून चाललो.

तेराव्याला छापखान्याचे व्यवस्थापक साताऱ्याहून आले. भले गृहस्थ. वहिनींशी बोलून झाल्यावर ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसले, पाणी प्याले, आणि सहज विचारलं, "ते पत्र त्या मुलीला पोचलं ना?"

"कोणतं पत्र?" सुभेदार म्हणाले.

"सोमवारी दुपारी अण्णांचा फोन होता. तुमच्या गोलकीपर मुलीची निवड झाली, दोन कॉलम जागा ठेवा म्हणाले. तुमचे लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणून मूळ पत्रच जोडून पाठवतो, सकाळच्या गाडीनं परत करा, मुलीला द्यायचंय, असंही म्हणाले. मी जागा ठेवली होती. मग हे असं झालं, पाकीट काही आलं नाही. म्हटलं, तुम्ही काढून घेतलं असेल."

आत पंगत बसत होती, पळीचा आवाज येत होता. सुभेदारांनी गुडघ्यावर ठेवलेली टोपी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. ते व्यवस्थापक आमच्या तोंडांकडे बघत राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनाही चौकट आठवली असावी, कारण त्यांनी मान खाली घातली.

'उद्या लवकर ये' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तोंडानं सांगायचं नाही हा त्यांचा नियम, उघडायचं नाही हाही त्यांचाच. एक त्यांनी पाळला, एक मी.

सुभेदारांनी त्याच दिवशी तार केली, पत्ता पुण्यातून मिळवून. आठवड्यानं उत्तर आलं. शिबिर सुरू झालं आहे. मुलगी वेळेत हजर न झाल्यानं तिच्या जागी दुसरी घेतली आहे. खाली सही, शिक्का. कुणाचा दोष नव्हता. त्यांनी पत्र पाठवलं होतं.

मग बाकड्यावर तो वाद झाला. हिराक्काचं म्हणणं, हौसाला सांगूच नये. "पत्र आलं न्हाई म्हना. तुला घेतली न्हाई म्हना. चार दिस रडंल आन् इसरंल. ह्ये सांगितल्यावर जलमभर कुडत बसंल पोरगी."

"खोटं बोलायचं म्हंता?"

"तुमचं खरं तिच्या कुटल्या कामाचं हाय सुभेदार? गाडी मागं आननार हाय काय त्ये?"

सुभेदार तिच्यावर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "पाकीट ठेवा म्हनून म्या सांगितलं! माजी चूक मी लपवायची व्हय?"

"तुमच्या चुकीचं वजं तुमी तिच्या डोस्क्यावर देनार. तुमी मोकळं."

हे त्यांना लागलं. मलाही लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मी घरी येऊन वहीत दोन रकाने आखले, सांगावं आणि सांगू नये. सांगू नये याच्या बाजूला सहा कारणं झाली आणि सहाही पटण्यासारखी होती. दुसऱ्या बाजूला एकच लिहिता आलं. तिची निवड झाली होती, आणि ही गोष्ट जिला सगळ्यांत आधी कळायला हवी तिलाच माहीत नव्हती. मी बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसले. शेवटी सहा कारणांवर रेघ मारली. आयुष्यात यादीतली मोठी बाजू सोडून लहान बाजू धरल्याचं मला एवढं एकदाच आठवतं.

विट्यावरून पुढे गेलं की ऊस संपतो, मग ज्वारीची फणकटं, मग नुसती माती आणि बाभळी. फाल्गुनाचं ऊन. सुभेदार खिडकीशी ताठ बसले होते, इस्त्रीचे कपडे, छातीला काही नाही पण बसणं असं की पदक लावल्यासारखं. वाडीच्या फाट्यावर उतरून दोन मैल चाललो. हौसा लिंबाखाली कोकरं पाजत होती. आम्हाला बघून ती उठली, हात लुगड्याला पुसले, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. सुभेदार स्वतः आले म्हणजे पत्र आलं, असंच तिला वाटलं.

"कवा निगायचं?" ती म्हणाली.

सुभेदारांनी टोपी काढली आणि माझ्याकडे बघितलं. पलटणीत शंभर माणसांना हुकूम दिलेला माणूस तो. मग मी सांगितलं. कामाचं सांगावं तसं, एकामागून एक, काही न गाळता. अण्णा कसे गेले, पाकीट कुठं पडलं, कुणी उचललं, घाटावर काय झालं, व्यवस्थापक काय म्हणाले, तारेचं उत्तर काय आलं. तिचा बाप मागे येऊन उभा राहिला होता.

हौसा खाली बसली. एक कोकरू येऊन तिच्या पदराला ढुसण्या देऊ लागलं. मग तिनं विचारलं, "हातात कुणी ठिवलं?"

"मी."

"गार व्हता हात?"

"हो."

"दोन कालम लिवलं व्हतं अण्णानी?"

"हो."

"लांब व्हतं ते शिबिर?"

"उत्तरेत," सुभेदार म्हणाले. "रेल्वेनं दोन दिवस."

"रेल्वेत बसायचं ऱ्हायलं मग," ती म्हणाली, आणि रडली. आवाज न करता, कोकराच्या पाठीवर हात ठेवून. वहीत रेघ मारलेली ती सहा कारणं माझ्यासमोर उभी होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

बापानं तांब्या आणून ठेवला. पाणी कुणी प्यालं नाही. मी म्हटलं, "हौसा, मी उघडून बघायला पाहिजे होतं."

तिनं तोंड पुसलं. "आज्जा गेला तवा त्येच्या अंगावर घोंगडं घालून माती दिली आमी. घरात धड घोंगडं तेवडं एकच. शेजारची म्हणली, फाटकं घाला, ह्ये ठिवा. आई म्हणली, फाटकं देऊन कुनाचा मान हुतुय व्हय? चांगलं हाय त्येच द्या."

मला वाटलं ती मला सोडवते आहे. मी श्वास सोडला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्या थंडीत दोन कोकरं गारठून मेली," ती म्हणाली. "घोंगडं आसतं तर ऱ्हायली आसती. आई चुकली आसं आमच्यात कुनी म्हनत न्हाई. आन् कोकरं मेली न्हाईत आसंबी कुनी म्हनत न्हाई."

मग ती उठली, कारण ऊन कलत होतं आणि मेंढरं आत घ्यायची होती. ती परत सांगलीला खेळायला आली नाही. बापानं दिलेलं साल संपलं होतं. अण्णांच्या जागी दुसरे वार्ताहर आले, बाकडं काही महिन्यांत मोडलं, सुभेदार साताऱ्याकडे आपल्या गावी गेले.

तुझी काय चूक, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. ते सगळे माझ्या बाजूचे होते, म्हणून मला त्यांचं कधी पटलं नाही. हौसानं मला माफ केलं का, हे मी तिला विचारलं नाही. मान दिला गेला होता आणि नुकसान झालं होतं, आणि तिनं दोन्ही माझ्यासमोर ठेवलं, एकानं दुसरं न झाकता. त्या संध्याकाळी सुभेदार आणि मी दोन मैल चालून फाट्यावर आलो. गाडी आली तेव्हा मी ते दोन्ही घेऊन आत चढले.